चढणीचे मासे आणि सरोजाअक्का

अक्का, तुझ्या तेराव्याला आलेली निम्मी माणसं मला ओळखत नव्हती, आणि ज्या सरोजाबद्दल ती बोलत होती तिला मी ओळखत नव्हतो. तुझी सरकारी नोकरी, तुझी पदं, कुठल्या पंपाच्या चाचणीत तू कुठल्या साहेबाला कसं गप्प केलंस, हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सगळे हळू आवाजात, मान डोलावत बोलत होते. तेवढ्यात बेंगळुरूच्या चामराजपेटमधल्या तुझ्या गल्लीत एक टेम्पो शिरला. तो पुढे जाईना, मागे जाईना, ऑटोवाले हॉर्न वाजवायला लागले आणि टेम्पोतून नदीकाठच्या कट्टेहळ्ळीचं अर्धं गाव खाली उतरलं. पुढे शिवण्णा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लुंगीत. मागे रत्नम्मा, कडेवर केळीचा लोंगर. तुझी भाची वीणा दारातच माझ्या कानाशी पुटपुटली, "एवढ्या माणसांना जेवण पुरेल का?"

नाही पुरलं. मग रत्नम्मा पदर खोचून तुझ्या स्वयंपाकघरात गेली आणि तिने भाताचं दुसरं पातेलं चढवलं. पंगत बसली तेव्हा शिवण्णाने तुझी नक्कल सुरू केली. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने साडी वर धरलेली, पाण्यात उभं राहून त्याच्यावर ओरडणारी तू. तुझ्या जुन्या ऑफिसातले ते गंभीर लोक आधी चपापले, मग हसले, आणि मग त्यांनीही तुझ्या नकला करून दाखवायला सुरुवात केली. वीणा हसता हसता रडत होती. तेराव्याचं इतकं मोठ्याने हसणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

लोक म्हणाले, तुमचं दोघांचं नदीवरचं काम तुम्हीच नीट सांगू शकाल, काहीतरी लिहा. तुझ्याबद्दल लिहायला बसलो, पण जमेना. तुझ्याबद्दल मी कुणाला काही सांगायला लागलो की तू मधेच दुरुस्ती करायचीस, त्याची सवय झाली आहे. म्हणून तुलाच लिहितो.

आपली भेट चिकपेटमध्ये झाली, हार्डवेअरच्या दुकानात. मला पडद्याचा दांडा हवा होता. दुकानदार कन्नडात काही विचारत होता, मी हिंदीत भलतंच उत्तर देत होतो, आणि मधूनमधून फोनवर पुण्याला आईला सांगत होतो की इथे कोणाला काही कळत नाही. शेजारी तारेच्या जाळीची मोठमोठी भेंडोळी घेऊन तू उभी होतीस. पांढरा बॉबकट, सुती साडी, पायात ट्रेकिंगचे बूट.

"कळतंय की त्याला सगळं," तू म्हणालीस. "खिडकी किती रुंद आहे ते विचारतोय तो. तुझ्याकडे गाडी आहे?"

मी म्हटलं, आहे.

"सरी. मग स्वल्प हे धर."

भेंडोळं माझ्या खांद्यावर आलं तेव्हा तुला माझं नावही माहीत नव्हतं. ऑटोवाले जाळी घ्यायला तयार नव्हते, एवढंच तू जाता जाता सांगितलंस. चिकपेटच्या त्या गर्दीत लोक तुला वाट करून देत होते आणि मी तारा टोचवून घेत तुझ्यामागे चाललो होतो. चामराजपेटला पोचल्यावर तू विचारलंस, "ऊट झालं का?" मी गोंधळून म्हटलं, उंट? तू इतकी हसलीस की तुला जिन्यात बसावं लागलं. मग कळलं, ऊट म्हणजे जेवण, सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे जरा. तुझ्या घराण्याचं मराठी कित्येक पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, त्यात कन्नड असं मिसळलं होतं की कुठलं कुठून आलं ते तुलाही सांगता यायचं नाही. जेवताना तू माझं नाव विचारलंस, मी निखिल म्हणून सांगितलं, आणि तू ते लगेच विसरून गेलीस. तेव्हापासून मी 'पुणेकर' झालो. शिवण्णाला अजूनही वाटतं की तेच माझं नाव आहे.

"शनिवारी सकाळी ये," निघताना तू म्हणालीस. "जाळी नदीवर न्यायची आहे."

"कुठल्या नदीवर?"

"आहे एक. बघशील."

त्या वेळी मला या शहरात बरीच वर्षं झाली होती आणि बेळ्ळंदूर ते ऑफिस एवढंच शहर मला ठाऊक होतं. शनिवार-रविवार मी झोपून काढायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण त्या शनिवारी मी आलो तो नदीसाठी नाही. घरचं मराठी जेवण पुन्हा मिळेल म्हणून आलो. तुझी हुळी मला आमटीच वाटली होती.

कनकपुरा रस्ता सोडून आत, रेशमाच्या कोशांच्या शेडी आणि नारळाच्या बागा संपल्यावर कट्टेहळ्ळी. नदीला नकाशात नाव आहे, पण गावात तिला नुसतं 'होळे' म्हणतात, होळे म्हणजे नदी. पुढे जाऊन ती कावेरीला मिळते. गावाजवळ तिच्यावर छातीएवढा उंच दगडी बंधारा आहे, राजांच्या काळातला. बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं आणि डाव्या काठाने पाटात वळतं. त्या पाटावर गावाचं भात, रागी, तुती सगळं उभं आहे.

तू मला बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नेलंस. पायाशी सिमेंटचा सपाट ओटा, त्यावर वीतभर पाणी. "माशाला उडी मारायला खोल पाणी लागतं," तू म्हणालीस. "इथे त्याने उडी घ्यायची कुठून? पावसाळा सुरू झाला की ते खालून वर निघतात, अंडी घालायला. इथे येऊन थांबतात. आपटतात. दमतात. आणि वरून जी पिल्लं कशीबशी खाली येतात ती पाटाने शेतात जातात आणि चिखलात मरतात."

मी म्हटलं, माझ्या आजोळी, भोरकडे, यांना चढणीचे मासे म्हणतात.

तू वळून माझ्याकडे बघितलंस. "काय म्हणतात?"

"चढणीचे मासे."

तू तो शब्द दोन-तीनदा पुटपुटलीस. "बघ, एवढी वर्षं याच्यासाठी मला मराठी शब्द नव्हता," तू म्हणालीस. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा कामाचा माणूस समजलीस असं मला वाटतं. संध्याकाळपर्यंत तू तो शब्द अख्ख्या गावाला शिकवलास. रत्नम्मा आजही 'चडणी मीनु' म्हणते.

ती जाळी आपण पाटाच्या तोंडावर बसवली, पिल्लं पाटात जाऊ नयेत म्हणून. तू खूश होतीस. पहिल्याच जोराच्या पावसात नदीतून पालापाचोळा आला, जाळी गच्च तुंबली आणि पाटाचं पाणी बंद झालं. शिवण्णाचं शेत पाटाच्या अगदी शेवटी. नुकतीच लावणी झालेली, आणि त्याच्या वाफ्यांत पाण्याचा थेंब नाही. आपण पोचलो तेव्हा जाळी काठावर वेडीवाकडी फेकलेली होती आणि तो तिच्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता. धिप्पाड माणूस, पाणी वापरणाऱ्यांच्या संघाचा पुढारी. कन्नड तेव्हा मला येत नव्हतं, पण त्या बोलण्याला भाषांतर लागत नव्हतं. शहरातून यायचं, माशांची दया करायची आणि आमचं भात वाळवायचं, असा एकंदर मुद्दा होता.

मी मनात म्हटलं, झालं, आता गाडी वळवायची. तू मात्र चिखलातून त्याच्यापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, "चूक माझी आहे. काढलीस ते बरं केलंस. मी असते तर मीही फेकली असती. शेत दाखव."

तो बांधावरून पुढे निघाला. तू खरंच त्याचं शेत बघितलंस, पाट साफ करायला फावडं मागितलंस, आणि पाणी पुन्हा वाफ्यांत पोचेपर्यंत तिथून हलली नाहीस. त्याच्या बायकोने रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, केले. जेवताना तू त्याला विचारलंस, "मासे वर जावेत आणि तुझं पाणीही कमी होऊ नये, असं काही केलं तर चालेल का?"

"पाणी कमी झालं तर?"

"तर तोड. मी आडवी येणार नाही."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, अक्का, असं वचन कसं देऊन बसलीस? तू म्हणालीस, "मी आयुष्यभर पाणी ढकलायचं गणित केलं. पाणी कमी होणार नाही हे मला दिसतंय. त्याला दिसेपर्यंत तो घाबरणारच की. त्याच्या जागी मीही घाबरले असते."

त्या उन्हाळ्यातलं काम आठवलं की मला अजून खांदे दुखल्यासारखं वाटतं आणि हसू येतं. उजव्या काठाला लागून बंधाऱ्याच्या माथ्यापासून खालच्या डोहापर्यंत दगडांचा एक लांब, सावकाश उतार. मोठे दगड ओळीने आडवे, दर ओळीत एक फट, आणि प्रत्येक ओळीची फट वरच्या ओळीच्या फटीपासून बाजूला सरकलेली, म्हणजे पाणी धावत सुटणार नाही, वळत वळत उतरेल. दोन ओळींच्या मध्ये माशाला दम खायला छोटासा डोह. माथ्यावर एक खाच आणि तिच्यात बसतील असे लाकडी बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळ्यात, नदीला पाणी उदंड असताना, बरगे काढायचे म्हणजे उताराला पाणी मिळेल. पाणी ओसरलं की बरगे घालायचे, म्हणजे थेंबन् थेंब पाटाला. पाटाच्या तोंडाशी जाळीऐवजी तिरके गज, कचरा आपोआप बाजूला सरकेल असे.

परवानगी मिळवायला तू पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन बसायचीस, डब्यात पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, घेऊन. तिथल्या साहेबांनी शेवटी परवानगी दिली ती उताराच्या आराखड्यामुळे की त्या भातामुळे, याबद्दल आपलं एकमत झालं नाही. दगड शेतांच्या बांधांवरून आले. शिवण्णाने ट्रॅक्टर दिला, पण तोंड वाकडं करूनच. दगड बसवताना तू प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसायचीस आणि दर थोड्या वेळाने उठून म्हणायचीस, "हा फिरव. याचं पोट वर आलंय." पहार माझ्या हातात असायची. माझ्या ऑफिसातली माणसं त्या दिवसांत सुट्टीला गोव्याला जात होती.

सगळ्यात कठीण होती रत्नम्मा. शिवण्णाची भीती पाण्याची होती, ती समजण्यासारखी होती. रत्नम्माचं पोटच बंधाऱ्याच्या पायाशी होतं. दर पावसाळ्यात तिथे अडकलेले मासे ती टोपल्यांनी उचलायची आणि आठवडी बाजारात विकायची. ती उतारावर येऊन उभी राहिली आणि तिने तुला सरळ विचारलं, "हे वर गेले तर मी काय विकू?"

तू तिला काहीतरी मोठं, चांगलं सांगशील असं मला वाटलं. तू म्हणालीस, "खरं आहे. पहिल्या पावसाळ्यात तुझं नुकसानच आहे." मग तू तिच्याशेजारी दगडावर बसलीस. बऱ्याच वेळाने तुम्ही दोघींनी ठरवलं ते असं: चढणीच्या दिवसांत उतारावर आणि त्याच्या तोंडाशी कुणीही टोपली लावायची नाही, आणि बाकी वर्षभर बंधाऱ्यामागच्या वरच्या डोहात मासे धरायचा पहिला हक्क रत्नम्माचा. ग्रामसभेत ते तू उभं राहून सगळ्यांकडून कबूल करून घेतलंस. तरी जाताना रत्नम्मा म्हणाली, "बघू." त्या 'बघू'ची तुला धास्ती वाटत होती.

आणि पहिल्या पावसाळ्यात एकही मासा चढला नाही.

पाणी आलं, बरगे काढले, उतारावरून पाणी आपण ठरवलं होतं तसंच वळत वळत उतरत होतं. मासे आले होते. पण ते सगळे नदीच्या दुसऱ्या बाजूला, जिथे बंधाऱ्यावरून पाणी धाडधाड कोसळत होतं तिथे आपटत होते. उताराकडे कुणी फिरकेना. काठावर गाव जमलं होतं. रत्नम्मा रिकामी टोपली घेऊन बसली होती, आणि तिने ती वापरली नाही, हे मला आज विशेष वाटतं. माझा चेहरा पडला होता. तू छत्री मिटलीस, भिजत उभी राहिलीस, कितीतरी वेळ नुसती बघत राहिलीस, आणि मग हसायला लागलीस.

"पुणेकर, आपण दार बांधलं, पण पाहुणे खिडकीपाशी उभे आहेत," तू म्हणालीस. "जिकडे पाण्याचा आवाज, जिकडे जोर, तिकडेच जाणार ना ते? आपल्या दाराचं पाणी फारच सभ्य आहे."

तू तेच शिवण्णाला कन्नडात सांगितलंस. तो इतका वेळ दाबून धरलेलं हसू हसला. माझ्या लक्षात आलं की तुझी फजिती होते तेव्हा त्याला तू जास्त आवडतेस.

पुढच्या उन्हाळ्यात आपण उताराचं खालचं तोंड उचलून बंधाऱ्याच्या पायालगत आणलं, अरुंद केलं, पाणी तिथून जोराने बाहेर पडेल असं केलं. या वेळी दगड शिवण्णा बसवत होता आणि "हा फिरव" तोच मला सांगत होता. काठावर झाडं लावायचं कामही तेव्हाच झालं. करंज, जांभूळ, अर्जुन आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज. मी कुंपण घालू म्हणत होतो. तू म्हणालीस, गुरांना पाणी प्यायला यायला नको का? मग आपण गुरांसाठी दगडी उतरण बांधली, आणि गुरं शहाण्यासारखी तिथूनच यायला लागली. निदान बरीचशी. शिवण्णाच्या एका म्हशीने तुझा पहिला अर्जुन खाल्ला, आणि तिला तू शेवटपर्यंत नावाने शिव्या देत होतीस.

तो दिवस मी पुन्हा सांगतो, कारण तो कितीही वेळा सांगितला तरी तुझं समाधान व्हायचं नाही. सकाळची वेळ, आभाळ भरलेलं, पाणी गढूळ चहासारखं. आपण दोघं उताराच्या मधल्या डोहापाशी वाकून बघत होतो. काही दिसत नव्हतं. मग पाण्याला सुरकुती पडल्यासारखं झालं. एक बोटभर चंदेरी मासा फटीतून आला, प्रवाहात थरथरला, डोहात शिरला आणि दगडाच्या आडोशाला थांबला. त्याच्यामागून दुसरा. मग मोजता येईनात. डोह खदखदल्यासारखा हलायला लागला. मिशाळ मासे आले. एक वाम दगडांच्या सांदीतून दोरीसारखी वळत वर गेली. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडीचा वण उठला. रत्नम्मा धावत माथ्यावर गेली आणि तिथून हाका मारायला लागली, "आले, इकडे आले, वर आले." शिवण्णा गुडघाभर पाण्यात उतरला आणि लहान मुलासारखा तळवे पाण्याखाली धरून उभा राहिला. मासे त्याच्या हातांवरून जात होते.

त्या वर्षी त्याच्या शेताला पाणी कमी पडलं नाही. त्याने हे तोंडाने कधी कबूल केलं नाही. पण पुढच्या वर्षापासून बरगे काढायचा आणि घालायचा मान त्याने दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. आणि एका हिवाळ्यात रत्नम्माने वरच्या डोहातला मोठा मासा तुझ्यासाठी आणला. तुझ्या सोवळ्या स्वयंपाकघरात काय करायचं म्हणून तू तो माझ्या गाडीत ठेवलास. गाडीला महिनाभर वास येत होता.

माझ्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर तू एकदाच आलीस. लिफ्टमधून वर येताना कान धरलेस, पोह्यांना नावं ठेवलीस आणि बाल्कनीत जाऊन तळ्याकडे बघत उभी राहिलीस. मी दारं-खिडक्या बंद ठेवायचो, वासामुळे. तू विचारलंस, "हे पाणी पुढे कुठे जातं?" मला माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं मी त्या पाण्याच्या काठावर राहत होतो. "बघून ये," तू म्हणालीस. टोमणा नव्हता तो. तुला खरंच वाटत होतं की माणसाला हे बघून यायला आवडेल. मी पुढच्याच रविवारी गेलो. तळ्यातून तळ्यात, गटारासारख्या ओढ्यांच्या कडेने, शहर संपेपर्यंत. संध्याकाळी तुला फोन केला आणि बोलतच राहिलो. तू मला शिकवायचं म्हणून काही शिकवलं नाहीस, अक्का. तू मला कामाला लावलंस, आणि मी एकटा आहे हे त्या गडबडीत माझ्या लक्षातून गेलं. याबद्दल आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू विषय बदलला असतास.

आता आपलं भांडण. ते अर्धवटच राहिलं आहे.

गावाच्या वर, चालत थोड्याच अंतरावर, दुसरा बंधारा आहे. त्याचा पाट केव्हाच बुजलेला, त्यावर कुणाचंही शेत भिजत नाही. मी म्हणत होतो, फोडून टाकू. ज्याचा कुणाला उपयोग नाही तो नदीत उभा कशाला ठेवायचा? नदीला मोकळं वाहू दे. तू म्हणायचीस, उपयोग नाही असं तुला वाटतं. त्या तुंबलेल्या पाण्यावर आजूबाजूच्या विहिरी टिकल्या आहेत, बायका तिथे कपडे धुतात, मागच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या घरटी करतात. शंभर वर्षं उभा आहे तो, आता तोही नदीचाच झाला. मी म्हणायचो, हे इंजिनियर बोलतोय, नदी नाही बोलत. तू म्हणायचीस, आणि तुझ्यातलं पुणं बोलतंय. शेवटी तू तुझं ठेवणीतलं वाक्य काढायचीस: "आणि मासे तिथपर्यंत जातच नाहीत. आपल्या बंधाऱ्यामागच्या डोहातच त्यांचं भागतं."

शेवटच्या फोनवरही हेच चाललं होतं. मी म्हटलं, या पावसाळ्यात प्रत्यक्ष बघू. तू म्हणालीस, "बघू की. मी खुर्ची घेऊन येते." मग तुझा कुकर झाला आणि तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तू आडवी झालीस ती उठली नाहीस. वीणाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. तिथून उठलो आणि तडक तुझ्याकडे आलो. रडलो, ते वीणाने तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, अरे, एवढी वर्षं जगले, चांगली जगले, रडतोस काय. म्हणून ते इथे जास्त लिहीत नाही.

गेल्या रविवारी नदीला पाणी आलं. शिवण्णाचा फोन आला, "या." वीणा म्हणाली, मी पण येते. तिने नदी कधी बघितली नव्हती. तू तिला बरेचदा बोलवायचीस आणि तिला बँकेतून वेळ व्हायचा नाही. शिवण्णाने बरगे काढले. उतार भरला, मासे चढले, भरपूर चढले. वीणा आधी लांब उभी होती, मग चपला काढून पाण्यात आली. मी शिवण्णाला म्हटलं, वर जाऊन येऊ.

अक्का, ते तिथे होते. वरच्या बंधाऱ्याच्या पायाशी, काठापासून काठापर्यंत, पाण्याचा रंग बदलेल इतके. आपटत होते, मागे येत होते, पुन्हा आपटत होते. त्यांचं आपल्या बंधाऱ्यामागच्या डोहात भागत नाही. तू चुकली होतीस, आणि मला ते तुला सांगता येईना, आणि मी एकाच वेळी इतका खूश आणि इतका हताश याआधी कधी झालो नव्हतो.

आम्ही नुसते उभे होतो. रत्नम्माच पहिल्यांदा हलली. तिने टोपली पाण्यात बुडवली, वर उचलली, आणि मला वाटलं, ही आता बाजाराला निघाली. पण ती वळली, काठाची चढण चढली आणि बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात टोपली अलगद उपडी केली. मग आम्ही सगळेच. बादल्या, कळशा, कपडे धुणाऱ्या बायकांच्या पाट्या. शिवण्णाने डोक्याचा पंचा झोळीसारखा धरला. वीणाने साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती, तिच्या बादलीतून मासे उसळून चिखलात पडत होते आणि ती "अय्यो, स्वल्प थांबा, थांबा की" असं म्हणत त्यांना दोन्ही हातांनी गोळा करत होती. तिचा आवाज हुबेहूब तुझ्यासारखा आहे, हे मला तेव्हा कळलं. मासे नेऊन नेऊन हात गळून गेले. किती नेले कोण जाणे. खाली तेवढेच उरलेले दिसत होते.

काठावर धापा टाकत बसलो तेव्हा शिवण्णा म्हणाला, "दर वर्षी बादल्या घेऊन येणार का? पुणेकर, तुम्ही म्हणत होता तेच खरं. फोडून टाकू. कोणाला हवाय हा बंधारा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढी वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो. आणि मी तोंड उघडलं तर बाहेर काय आलं असेल? "उपयोग नाही असं तुम्हाला वाटतं. विहिरींचं काय? बायका कपडे कुठे धुतील? त्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या आहेत. शंभर वर्षं उभा आहे तो. बाजूने उतार काढू, खाली केला तसा. वळणावर जागा आहे." मोडक्यातोडक्या कन्नडात मी हे सगळं सांगितलं, जिथे अडलो तिथे वीणाने शब्द पुरवले. शिवण्णाने वाद घातला, जोरात घातला. रत्नम्मा माझ्या बाजूने उभी राहिली. शेवटी ठरलं, येत्या उन्हाळ्यात उतार बांधायचा. ट्रॅक्टर शिवण्णाचा.

परत येताना गाडीत वीणाने विचारलं, "पण तुम्ही तर फोडायचा म्हणत होता ना? आत्या सांगायची."

म्हणत होतो. अजूनही म्हणतो, अक्का. तो बंधारा फोडायलाच हवा आणि तुझं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. पण ते भांडण तुझ्याशी आहे. शिवण्णाच्या मदतीने मी ते जिंकणार नाही.